पॅराग्लायडरचं माप: लेबलवरचे दोन आकडे आणि एक अक्षर

ताटात सहा मिलिमीटर उंचीचं पाणी ओतलं की त्याचा ताटाच्या तळावर जेवढा दाब पडतो, जवळपास तेवढाच जास्तीचा दाब ताशी ३७ किलोमीटर वेगाने उडणाऱ्या पॅराग्लायडरच्या पोटात असतो. त्या पंखात बांबू नाही, पाइप नाही, सांगाडा म्हणावा असं काही नाही. येवल्याच्या पतंगाला निदान कामट्या असतात. इथे कोंडलेली हवा हीच कामटी. नवशिक्याचा पंख कसा घडवतात आणि कुणी कोणत्या मापाचा घ्यावा, हे दोन्ही प्रश्न फिरून या एवढ्याशा दाबापाशीच येतात.

पंख म्हणजे कापडाचे दोन थर, वरचा आणि खालचा. त्यांच्यामध्ये उभ्या कापडी पट्ट्या शिवलेल्या असतात, त्यांना रिब म्हणतात. दोन रिबांमधली जागा म्हणजे एक कप्पा, सेल. प्रत्येक कप्प्याला पुढच्या कडेला तोंड असतं. पंख पुढे सरकतो तशी हवा तोंडातून आत शिरते, मागे वाट नसल्याने कोंडते आणि कापड फुगून विमानाच्या पंखासारखा छेद तयार होतो. रिबांना भोकं ठेवलेली असतात, म्हणजे एखादा कप्पा रिकामा झाला तर शेजारचे त्याला हवा पुरवतात. ही मूळ कल्पना डोमिना जॅल्बर्ट यांची, १९६०च्या दशकातली; ती विमानातून उडी मारणाऱ्यांच्या पॅराशूटसाठी वापरात आली. तसलीच पॅराशूटं घेऊन १९७८ साली फ्रान्समधल्या मियुसी गावच्या उतारावरून काही जण धावत सुटले आणि पॅराग्लायडिंग सुरू झालं.

आता नवशिक्याचा एक सर्वसाधारण पंख डोळ्यासमोर धरू. जमिनीवर सपाट पसरला तर क्षेत्रफळ २६ चौरस मीटर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ मीटर, कप्पे तीस ते पंचेचाळीस, वजन साडेचार-पाच किलो. उडताना तो कमानीसारखा वाकतो, त्यामुळे वरून पाहिलं तर क्षेत्रफळ साधारण २२ चौरस मीटर दिसतं. माहितीपत्रकात दोन्ही आकडे असतात. दोन पंखांची तुलना करताना एकाचा सपाट आकडा आणि दुसऱ्याचा कमानीचा आकडा धरला की सगळा हिशेब चुकतो, आणि ही चूक सर्रास होते.

लांबट की रुंदट

डिझायनरचा पहिला मोठा निर्णय म्हणजे ॲस्पेक्ट रेशो. लांबीचा वर्ग करायचा आणि क्षेत्रफळाने भागायचं. आपल्या पंखाचं ११ गुणिले ११ म्हणजे १२१, भागिले २६, उत्तर ४.६५. नवशिक्यांचे पंख साडेचार ते पाचच्या दरम्यान असतात. स्पर्धेतले पंख सातच्या पुढे जातात: क्षेत्रफळ २३ चौरस मीटर आणि लांबी तेरा मीटर, म्हणजे पुढून मागे सरासरी पावणेदोन मीटरच. आपल्या नवशिक्या पंखाची हीच सरासरी रुंदी २.३६ मीटर भरते.

लांबट पंख चांगला तरंगतो, कारण टोकाशी हवेचे भोवरे कमी होतात. मग नवशिक्याला तो का देत नाहीत? लांबट पंखाची टोकं मध्यापासून दूर असतात आणि तिथली रुंदी कमी असते. वारा गडबडला की तीच आधी मऊ पडतात. एक बाजू मिटली, म्हणजे पायलटांच्या भाषेत कोलॅप्स झाली, तर उघडी बाजू लांब असल्यामुळे ओढ जास्त बसते आणि पंख झपकन वळतो. मिटलेलं टोक लाइनांमध्ये अडकण्याची शक्यताही तिथे जास्त. रुंदट पंखात हे सगळं सावकाश घडतं. तोट्यात काय जातं? नवशिक्याचा पंख एक मीटर खाली उतरताना साधारण आठ-नऊ मीटर पुढे जातो. स्पर्धेतले पंख त्याहून बरंच दूर जातात. पहिल्या शंभर उड्डाणांत हा फरक फारसा कामाचा नसतो. उलट डोंगरापासून जवळ उतरायची जागा असेल, तर जरा लवकर खाली येणारा पंखच बरा.

छेदाची जाडी हा दुसरा निर्णय. नवशिक्या पंखाचा छेद जाड असतो आणि पुढची कड बोथट. वाऱ्याचा कोन बदलला तरी अशा कडेच्या तोंडात हवा शिरत राहते. पूर्वी पुढची कड ताठ राहावी म्हणून जाड प्लॅस्टिकचे तुकडे शिवत. आता बारीक प्लॅस्टिकच्या काड्या असतात. पंख घडी करताना या काड्या मोडू किंवा कायमच्या वाकू नयेत म्हणून साडीच्या निऱ्यांसारखी घडी घालायची, रिबवर रिब येईल अशी. पसरलेल्या पंखाच्या दोन्ही बाजू मध्यावर गोळा करून पिशवीत कोंबल्या, की पुढच्या वेळी कड वेडीवाकडी उभी राहते आणि पंख डोक्यावर यायला कुरकुर करतो.

दोऱ्या

पंखाखाली रांगांनी लाइनी असतात. पुढची रांग ए, मग बी, मग सी. जुन्या पंखांना डीही असे. सगळ्यात मागच्या कडेला ब्रेकच्या, म्हणजे हाताने ओढून वेग कमी करण्याच्या आणि वळण्याच्या. वरती बारीक लाइनी अनेक, त्या खाली येताना दोन-तीनच्या गटाने एकत्र होत जातात आणि शेवटी रायझर नावाच्या पट्ट्यांवर येऊन हार्नेसच्या, म्हणजे पायलटच्या पट्ट्यांच्या आसनाच्या, कॅराबिनरला (बंद होणाऱ्या कडीला) लटकतात. कापडापासून माणसापर्यंतचं अंतर सात मीटरच्या आसपास. भाराचा मोठा वाटा ए आणि बी उचलतात.

पतंगाचं मंगळसूत्र बांधताना गाठ बोटभर वर-खाली झाली की पतंग एक तर गोते खातो, नाही तर वर चढतच नाही. इथेही तसंच आहे, फक्त फरक सेंटिमीटरात मोजायचा. ए आणि सी यांच्या लांबीतल्या फरकावर पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन ठरतो. मागच्या लाइनी दोन-तीन सेंटिमीटर आखडल्या तर पंखाचं नाक वर होतं, वेग घटतो आणि तो स्टॉलच्या, म्हणजे हवेचा प्रवाह तुटून पंखाची उचल जाण्याच्या, जवळ सरकतो. हा मुद्दा जुना पंख घेताना पुन्हा येईल.

नवशिक्या पंखाच्या लाइनी बहुधा जाड आणि आवरण असलेल्या असतात. त्यांचा हवेला अडथळा जास्त होतो, पण त्या गुंतल्या तर पटकन सुटतात, हाताला जाणवतात आणि दगडावर घासल्या तरी आतला गाभा लगेच उघडा पडत नाही. रायझरही वेगवेगळ्या रंगांचे असतात, म्हणजे घाईत चुकीची पट्टी हातात येत नाही. ए रायझर दोन भागांत असतो. बाहेरचा छोटा भाग खाली ओढला की दोन्ही टोकं मुडपतात आणि पंख लवकर उतरतो. याला बिग इअर्स म्हणतात.

ब्रेकबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हात पूर्ण वर असताना ब्रेकच्या लाइनी थोड्या सैल, मागे झोळ पडलेल्या दिसल्या पाहिजेत. ‘ब्रेक फार खाली लागतो’ म्हणून कुणी हँडलची गाठ वर सरकवून घेतो. मग पंखाची मागची कड कायम ओढलेली राहते. पंख जमिनीवरून उठायला जड होतो, आणि स्पीड बार (वेग वाढवायची पायातली दांडी) दाबल्यावर जिथे ब्रेक पूर्ण मोकळा हवा तिथे तो ताणलेला असतो. कारखान्यातून आलेली गाठ प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय हलवू नये.

अक्षराचा अर्थ

पंखाच्या आत शिवलेल्या लेबलवर ईएन ९२६-२ असा क्रमांक आणि ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असतं. हे युरोपातलं प्रमाणीकरण आहे आणि जगभर तेच बघितलं जातं. चाचणी-पायलट पंख मुद्दाम मिटवतो: समोरून, मग एका बाजूने थोडा, मग एका बाजूने बराच मोठा भाग, आणि ते पुन्हा स्पीड बार दाबून. तो हात लावत नाही आणि पंख स्वतःहून कसा उघडतो, किती अंश वळतो, नाक किती खाली टाकतो, हे टिपलं जातं. प्रत्येक प्रकाराला अक्षर मिळतं आणि सगळ्यांत वाईट अक्षर हे पंखाचं अक्षर ठरतं. तेवीस प्रकारांत ए आणि एकात बी मिळालं, तरी पंख बी.

ए मिळण्याच्या अटींमध्ये एक फार बोलकी आहे. ब्रेक किती खाली ओढला तर पंख स्टॉल होईल, हे अंतर ए वर्गात मोठं लागतं: कमाल वजन ८० किलोपर्यंतच्या मापाला ५५ सेंटिमीटरपेक्षा जास्त, ८० ते १०० किलोच्या मापाला ६० पेक्षा जास्त, त्यापुढे ६५ पेक्षा जास्त. घाबरलेला माणूस हात खाली दाबतो, हे गृहीत धरूनच ही अट आहे. बी वर्गातही हे अंतर तेवढंच लागतं; त्याहून कमी चालतं ते सी वर्गापासून.

‘लो-बी’ आणि ‘हाय-बी’ हे शब्द दुकानदारांचे आणि पायलटांचे. प्रमाणपत्रात असं काही नसतं. बी हा वर्ग फार रुंद आहे. शिकाऊ पंखाच्या जवळपास वागणारे आणि सी वर्गाच्या उंबरठ्यावर उभे असलेले, दोन्ही एकाच अक्षराखाली येतात. शिवाय चाचण्या शांत हवेत होतात. अक्षर पंखाचा स्वभाव सांगतं, दुपारी एक वाजता सह्याद्रीच्या कड्यापुढे काय होईल ते सांगत नाही. ‘पुढे शिकेनच, म्हणून आताच वरचा घेतो’ हा विचार सायकलच्या बाबतीत ठीक आहे, इथे नाही.

मजबुतीची चाचणी वेगळी असते. त्यात पंखाने कमाल वजनाच्या आठपट भार तोलायचा असतो. ९५ किलोची मर्यादा असेल तर ७६० किलो. म्हणून ‘वजन जास्त झालं तर लाइन तुटेल’ ही भीती सहसा खोटी. खरी अडचण वेगळी आहे.

किलोचा हिशेब

लेबलवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ७५-९५ किलो. हे तुमचं वजन नाही. जमिनीवरून पाय उचलताना हवेत जे जे जातं त्या सगळ्याची बेरीज म्हणजे उड्डाण-वजन, आणि त्यात खुद्द पंखही धरायचा. एस, एम, एल या अक्षरांवर जाऊ नये. एका कंपनीचा एम दुसरीच्या एसपेक्षा लहान निघू शकतो.

अंगाने ५८ किलोचा माणूस धरू. कपडे आणि बूट अडीच किलो, पंख ४.६, एअरबॅगचा हार्नेस ४.५, रिझर्व्ह (संकटकाळचं) पॅराशूट १.६, हेल्मेट ०.६, पाणी-रेडिओ-मोबाइल-पंखाची रिकामी पिशवी मिळून ३. बेरीज ७४.८, म्हणजे ७५. ‘माझं वजन ५८, म्हणून सगळ्यांत लहान माप’ असं म्हणणारा इथे फसतो. आणि ‘७५ बसतंय ना ७५-९५ मध्ये’ म्हणणाराही.

दुसरा का फसतो ते पाहू. त्याच मॉडेलची दोन मापं घेऊ: २३ चौरस मीटरचं ६०-८० किलोसाठी आणि २६ चौरस मीटरचं ७५-९५ साठी. मोठ्या पंखाखाली ८५ किलो असताना दर चौरस मीटरवर सव्वातीन किलोपेक्षा किंचित जास्त भार येतो आणि वेग ताशी ३७ किलोमीटर. त्याच पंखाखाली ७५ किलो लटकले की भार २.९ वर येतो. वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो होतो सुमारे ३५. फरक दोनच किलोमीटरचा वाटतो. पण समोरून २८ किलोमीटर वेगाचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने पुढे सरकणं ताशी ९ वरून ७च्या आत येतं. चौथा हिस्सा गेला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पंखाच्या पोटातला दाब. वेग वर्गमुळाने बदलतो, दाब मात्र थेट भाराच्या प्रमाणात. वजन बारा टक्के कमी तर दाबही बारा टक्के कमी. आधीच सहा मिलिमीटर पाण्याएवढा, त्यात ही कपात. पंख मऊ पडतो, ब्रेक हाताला पोकळ लागतो, टोकं वारंवार मुडपतात. ‘मोठा पंख म्हणजे सुरक्षित’ ही समजूत म्हणूनच अर्धवट आहे. मोठा पंख मिटला तर सौम्यपणे वागतो हे खरं, पण मिटतो जास्त वेळा. शिवाय वाऱ्यात तो जमिनीवर उभा केला की हलक्या माणसाला फरफटत नेतो, आणि नवशिक्याच्या बऱ्याच दुखापती उड्डाणाआधीच्या या दोन मिनिटांतल्या असतात.

हाच माणूस २३ चौरस मीटरच्या पंखाखाली गेला तर भार पुन्हा सव्वातीन, वेग ३७. ६० ते ८० या पट्ट्यात तो तीन-चतुर्थांशावर बसतो. ही जागा चांगली. मात्र लहान पंखाच्या लाइनी आखूड असतात, त्यामुळे सारखाच भार असूनही तो वळायला आणि डुलायला चपळ असतो. हे आधी माहीत असलं की धक्का बसत नाही.

उलट्या टोकाला, ८० च्या मर्यादेत ८८ किलो घेऊन कुणी उडालं तर? दहा टक्के जास्त वजनाने वेग पाच टक्के वाढतो, उतरतानाचाही. पंख कडक आणि कमी मिटणारा होतो, पण मिटला की वळण आणि डुबकी जोरात. चाचणी पट्ट्याच्या खालच्या आणि वरच्या वजनावर झालेली असते. त्याबाहेर लेबलवरचं अक्षर लागूच होत नाही.

म्हणून नवशिक्याने पट्ट्याच्या मध्यापासून तीन-चतुर्थांशापर्यंत राहावं. नुसत्या लहान उतारावर सकाळच्या शांत हवेत सराव करायचा असेल तर मध्याच्या किंचित खाली चालतं. वरच्या मर्यादेपर्यंत तीन-चार किलो मोकळे ठेवावेत: हार्नेस पुढे बदलतो, थंडीत जॅकेट येतं, दिवाळीचा फराळही असतो. पट्ट्यात दीड-दोन किलोच कमी पडत असतील तर पाण्याची पिशवी हार्नेसमध्ये टाकता येते. त्याहून जास्त पाणी लादलं तर धावणं आणि उतरणं दोन्ही गुडघ्यावर येतं.

वजन अंदाजाने करू नये. सगळं सामान पिशवीत भरून, बूट-हेल्मेट घालून, पिशवी पाठीवर घेऊन काट्यावर उभं राहायचं. घरच्या काट्यावर आकडा डळमळत असेल तर बाजारात गोण्या तोलणारा इलेक्ट्रॉनिक काटा याहून बरा.

हार्नेसचा छातीचा पट्टाही मापाचाच भाग आहे. दोन कॅराबिनरमधलं अंतर वजनानुसार साधारण ४० ते ४८ सेंटिमीटर ठेवतात; नेमका आकडा पंखाच्या पुस्तिकेत असतो. पट्टा फार सैल केला तर पंखाचा प्रत्येक हेलकावा कमरेला बसतो, फार आवळला तर पंख मिटल्यावर रायझरला पीळ पडण्याचा धोका वाढतो.

नाशिकची हवा

माहितीपत्रकातले वेग समुद्रसपाटीच्या हवेचे धरावेत. नाशिक सहाशे मीटरच्या आसपास, आणि त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर त्याहून वर. ८०० मीटर उंची आणि ३० अंश तापमान धरलं तर हवा इतकी विरळ होते की त्याच पंखाला उचलायला आणि उतरायला सात-आठ टक्के जास्त वेग लागतो. ताशी ३७ चे जवळपास ४० होतात. पंखावरचा दाब तोच राहतो, पण वारा पडलेला असेल तर पाय तेवढे जोरात चालवावे लागतात. पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला असलेल्याला हे जास्त जाणवतं.

इथले डोंगर थराथरांचे, वर सपाट आणि कडेला उभे तुटलेले. अशा कड्याच्या ओठावर वारा दाबून वेग घेतो आणि सपाटीवर लगेच मागे घुमतो. कड्याच्या टोकाशी पंख उभा करणं नवशिक्याचं काम नाही. गवताळ, सलग उतार शोधावा. पावसाळ्यानंतर त्या गवताची कुसळं कापडात आणि लाइनांच्या आवरणात रुततात, तेव्हा खाली चादर अंथरावी. संक्रांतीच्या दिवसांत गावालगत पंख उघडू नये, मांजा लाइन कापतो. आणि देवळाली छावणी, गांधीनगरची धावपट्टी, ओझरचा विमानतळ यांमुळे इथलं आकाश मोकळं नाही. जागा ठरवण्याआधी प्रशासनाची परवानगी आणि त्या भागातली बंदी विचारून घ्यावी लागते.

जुना पंख घेताना

पहिला पंख बहुतेक जण वापरलेलाच घेतात, त्यात गैर काही नाही. पण कापड चकचकीत दिसतं म्हणजे पंख चांगला, असं नसतं. नायलॉनवरचा लेप उन्हाने आणि घासण्याने झिजतो आणि कापडातून हवा झिरपू लागते. हे यंत्राने मोजतात: ठरलेली हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात ते बघतात. नव्या कापडाला शेकडो सेकंद लागतात. आकडा दहा-पंधरावर आला की पंखाची सेवा संपली.

त्यात लाइनांची भर पडते. डायनीमा या मजबूत प्लॅस्टिक धाग्याच्या लाइनी ओल लागली की आखडतात. ज्यांवर भार असतो त्या उडताना ताणून जागेवर येतात, सी आणि ब्रेकच्या मात्र आखूडच राहतात. म्हणजे झिरपणारं कापड आणि वर झालेलं नाक, दोन्ही एकाच पंखात. असा पंख जमिनीवरून उशिरा उठतो, डोक्याच्या थोडा मागे लटकतो आणि हवेत पुढे न जाता सरळ खाली बसू शकतो. याला डीप स्टॉल म्हणतात. पावसाने भिजलेल्या पंखात तो आणखी लवकर होतो. अरामिडच्या (केव्हलरच्या जातीच्या धाग्याच्या) लाइनी आखडत कमी, पण पुन्हा पुन्हा मुडपून आतून कमजोर होतात.

बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी किंवा शंभर तास उड्डाणानंतर तपासणी सांगतात. विकणाऱ्याकडे लाइनांच्या लांबीचा तक्ता आणि कापडाच्या सेकंदांची नोंद असलेला अहवाल मागावा. लाइनीत फरक एखाद्या सेंटिमीटरच्या आत असेल तर ठीक. त्यापुढे असेल तर रायझरजवळच्या जोडावर फास घेऊन तो दुरुस्त करता येतो, पण ते तंत्रज्ञाचं काम. अहवाल नसेल तर तपासणीचा आणि गरज पडल्यास लाइनांच्या नव्या संचाचा खर्च किमतीत धरूनच भाव करावा, आणि त्याआधी लेबल शोधून तिथला किलोचा पट्टा स्वतःच्या काट्यावरच्या आकड्याशी ताडून बघावा.